बांधाला पांघरूण हवे : उन्हाच्या उतारावर काय लावावे, कसे लावावे



ऊस हे नदीकाठच्या काळ्या, सपाट रानाचे पीक, अशी आपल्या वाडवडिलांची रीत होती. खाली मळ्यात ऊस आणि वर माळावर जोंधळा, हुलगा, मटकी, अशी वाटणी ठरलेली असे. पुढे सहकारी उपसा सिंचन योजना झाल्या, विहिरी खोल गेल्या, ठिबकच्या नळ्या आल्या आणि ऊस हळूहळू माळ चढू लागला. माळ फोडले, ताली घातल्या, शेततळी खोदली. ही प्रगतीच झाली, त्यात वाद नाही. पण ऊस वर चढवताना एक काम अर्धेच राहिले. बांध घातले, ताली घातल्या, तळ्याचे भराव घातले. मात्र त्यांच्या उतरत्या अंगावर पांघरूण घातले नाही. ते उघडेच राहिले.

आता कुणी म्हणेल, "अहो, बांधावर गवत काय लावायचं? ते तर आपोआप येतंय की!" येते खरे. पण जे आपोआप येते ते बहुधा गाजर गवत, कुसळी, घाणेरी आणि हरळी. यातले काही उसात घुसते, काही जनावर तोंड लावत नाही आणि काही नेमके गरजेच्या वेळी वाळून नाहीसे होते. म्हणून उन्हाच्या उतारावर काय असावे हे आपण ठरवले पाहिजे. तेवढ्यासाठीच हा लेख.

उघड्या उतारावर काय घडते?

पावसाचा थेंब वरून पडतो तेव्हा उघड्या मातीवर बारीक घाव घालतो. मातीचा कण सुटतो, उडतो आणि उतारावर असला तर वरच्यापेक्षा खालच्या बाजूला जास्त जाऊन पडतो. सुटलेल्या बारीक कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात, पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. उतार जितका उभा आणि लांब, तितका हा वेग वाढतो. पहिल्या वर्षी बांधावर बोटाएवढ्या रेघा दिसतात, दुसऱ्या वर्षी हात मावेल एवढ्या ओघळी होतात आणि तिसऱ्या वर्षी बांधाला खांड पडते.

हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही म्हणून हिशेब करून पाहा. एक एकर रानावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर सुमारे चार घनमीटर, म्हणजे साधारण पाच टन माती गेली. पाच टन ऊस काट्यावर कमी भरला तर आपण दहा वेळा चौकशी करू. पाच टन माती गेली तर कुणाला पत्ताही लागत नाही. आणि जाते ती वरची, खत खाल्लेली, कसदार मातीच. खाली उरतो तो मुरूम.

उन्हाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला उतार या दिवसांत सर्वांत आधी सुकतो. पश्चिमेकडे तोंड असलेला उतार चैत्र-वैशाखात दुपारचे कडक ऊन अंगावर घेतो. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या अंगाला ओल थोडी जास्त टिकते. म्हणजे एकाच बांधाच्या दोन बाजूंचे हवामान वेगळे असते. एका अंगाला जे गवत मातले, तेच दुसऱ्या अंगाला जळाले, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

खरी परीक्षा वळवाची

उताराला सर्वांत मोठा धोका श्रावणातल्या संततधारेचा नसतो. तोवर काही ना काही हिरवे उगवलेले असते. धोका असतो तो वळवाचा. एप्रिल-मे महिन्यांत ढग दाटतात, वावटळ सुटते आणि अर्ध्या तासात टपोऱ्या थेंबांचा, गारांचा मारा होतो. त्या वेळी जमीन भाजून भुसभुशीत झालेली असते. त्यातच शिमग्यानंतर आपण बांध पेटवून "स्वच्छ" केलेले असतात. म्हणजे ज्या दिवशी पांघरुणाची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी उतार उघडा असतो.

यावरून निवडीचे सूत्र निघते. उतारावर हिरवेगार दिसणारे झाड शोधू नका. वैशाखात वाळले तरी ज्याचा ठोंब जागेवर घट्ट उभा राहतो आणि मूळ जिवंत राहते, असे झाड शोधा. वळवाच्या पहिल्या थेंबाला खाली वाळका का होईना, पण पाला आणि ठोंब मिळाला पाहिजे. हिरवळ आणि पांघरूण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

निवडीच्या चार कसोट्या

कोणतीही वनस्पती बांधावर आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

पहिला, तिचे मूळ माती धरते का? एकच सोटमूळ असलेल्या झाडापेक्षा झुपकेदार तंतुमुळांचे गवत वरची माती चांगली धरते.

दुसरा, वैशाखात ती जागा सोडते का? एका हंगामात संपणारे पीक एकटे उपयोगाचे नाही.

तिसरा, ती उसात शिरते का? जमिनीखालून धावणारी किंवा वाऱ्यावर बी उडवणारी वनस्पती उसाच्या बांधाला नको.

चौथा, तिच्यापासून काही मिळते का? वैरण, पाला, शाकारणी, काहीही. ज्यापासून काही मिळत नाही त्याची निगा माणूस राखत नाही, ही व्यवहाराची गोष्ट आहे.

वाळा : कड धरणारा

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, खिडकीला वाळ्याचे पडदे लावतात, तोच हा वाळा. काही जण याला खस म्हणतात. वास मुळांना असतो, आणि उताराला उपयोगही मुळांचाच. वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत ती तीन मीटरपर्यंत पोहोचतात. वर दाट, ताठ पाती येतात. ठोंबाला ठोंब लागून रांग लावली की जिवंत कूड तयार होतो. पाणी त्यातून गाळून जाते आणि माती मागे थांबते.

याचा उसाशी जुना संबंध आहे. फिजी बेटांवर आपल्या देशातून १८७९ पासून गिरमिटिया मजूर नेले गेले आणि तिथल्या उसाच्या शेतीत त्यांचे वंशज राबले. १९५० च्या दशकात तिथला ऊस सपाटी सोडून डोंगरउतारावर चढू लागला आणि माती वाहू लागली. तेव्हा जॉन ग्रीनफिल्ड यांनी उसाच्या रानात समपातळीवर वाळ्याच्या रांगा लावून घेतल्या. वर्षानुवर्षे त्या रांगांमागे माती साठत गेली आणि उताराच्या आपोआप पायऱ्या बनल्या. पुढे १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कामानिमित्त तेच ग्रीनफिल्ड भारतात आले. तेव्हा असे दिसले की कर्नाटकात म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी कितीतरी पिढ्या शेताच्या हद्दीला वाळाच लावत होते. म्हणजे विद्या आपल्या दाराशीच होती.

वाळा निवडताना एक खबरदारी घ्यावी. उत्तर हिंदुस्थानात पाणथळीत आपोआप उगवणाऱ्या वाळ्याला बी धरते. दक्षिणेत लागवडीत असलेल्या वाळ्याचे बी रुजत नाही, तो फक्त फुटव्यांनी वाढतो. आपल्याला हाच हवा, कारण तो उसात शिरत नाही. दुसरे, वाळ्याला सावली सोसत नाही. पहिल्या वर्षी उसाच्या सावलीत सापडला तर तो खुरटतो. म्हणून वाळ्याच्या रांगेपासून उसाची पहिली सरी निदान एक मीटर दूर ठेवावी.

कोवळी पाती जनावरे खातात, जून झालेली खात नाहीत. ती छपराला, आच्छादनाला चालतात. मुळे विकण्याच्या मोहाने बांधावरचा वाळा खणू मात्र नये. मुळासाठी वाळा लावायचा असेल तर वेगळ्या सपाट वाफ्यात लावावा.

मारवेल, पवना, अंजन : अंग झाकणारे

वाळ्याची रांग कड धरते, पण दोन रांगांमधले बांधाचे अंग झाकायला पसरणारे गवत लागते. मध्यम ते भारी जमिनीत मारवेलासारखे गवत नाही. आपल्या भागात जुन्या माणसांना ते नाव घेताच कळते, कारण दुभत्या जनावराला मारवेल घातला तर दाणवैरण कमी लागते. मारवेल ठोंबाने लागतो, पेरांजवळ टेकला की मूळ धरतो, पण हरळीसारखा जमिनीखालून खोल धावत नाही. चार ठोंब उसात आलेच तर खुरप्याने निघतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे "फुले गोवर्धन" आणि जुने "मारवेल-८" हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. वाण मिळाला नाही तरी अडत नाही. जवळच्या जुन्या बांधावरचा दणकट ठोंब निवडून आणावा. जो आपल्याच शिवारात दहा उन्हाळे टिकला, त्याची परीक्षा झालेलीच आहे.

हलक्या, मुरमाड, डोंगराच्या अंगाला पवना चांगला. खरे तर आपल्या माळांचे मूळचे गवत तेच. अति चराईने ते गेले आणि त्याच्या जागी कुसळी आली. सर्वांत कोरड्या, वाळूमिश्रित, दक्षिण-पश्चिम तोंडाच्या उताराला अंजन गवत लावावे. (अंजन नावाचा वृक्ष वेगळा, हे गवत वेगळे.) अंजनाचे बी पिसासारखे हलके असते, वाऱ्यावर उडते. ते ओलसर मातीत कालवून, ओळीत टाकावे आणि वरून अर्ध्या बोटापेक्षा जास्त माती लोटू नये. खोल गेले की ते उगवत नाही.

स्टायलो आणि कडधान्ये : जमिनीला खाऊ घालणारे

नुसते गवत लावले तर दोन-तीन वर्षांत ते पिवळे पडते, कारण हलक्या उतारावर नत्र नसते. त्यात शेंगवर्गीय सोबती हवा. स्टायलो हे हलक्या जमिनीला, कमी पावसाला आणि कडक उन्हाला टिकणारे द्विदल चारापीक आहे. बी कठीण कवचाचे असते. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवून थोडे निवू द्यावे, त्यात बी तीन-चार मिनिटे ठेवावे, लगेच गार पाण्यात काढून रात्रभर भिजवावे आणि सकाळी सावलीत सुकवून पेरावे. पहिल्या वर्षी वाढ हळू दिसते म्हणून निराश होऊ नये. दुसऱ्या वर्षी ते अंग धरते.

पहिल्या पावसाळ्यात मात्र गवत आणि स्टायलो दोघेही लहान असतात आणि उतार उघडा राहतो. ती पोकळी भरायला मटकी आणि हुलगा यांना तोड नाही. मटकीचा वेल जमिनीला चिकटून पसरतो आणि सहा-सात आठवड्यांत माती झाकतो. हुलगा अगदी हलक्या रानातही येतो. ही दोन्ही पिके उताराला आडवी, विरळ पेरावीत, म्हणजे गवताच्या ठोंबांना ऊन मिळते. काढणीच्या वेळी झाड उपटू नये. विळ्याने कापावे आणि मुळे जमिनीतच राहू द्यावीत.

इथे एक मोह टाळावा. रताळ्याचा वेलही जमीन छान झाकतो, भुईमूगही झाकतो. पण दोन्हींच्या काढणीला जमीन खणावी लागते. वर्षभर धरलेली माती एका दिवसात मोकळी होते. म्हणून उभ्या उताराला ही पिके नकोत.

हरळी : मित्र की वैरी?

हरळीचे दोन चेहरे आहेत. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच आणि उसात शिरली की खुरपणाऱ्या बाईला रडवते ती हरळीही हीच. खरे सांगायचे तर माती बांधून ठेवण्यात तिचा हात धरणारे गवत थोडे. म्हणून जागा पाहून निर्णय घ्यावा. शेततळ्याच्या किंवा पाझर तलावाच्या सांडव्यात, पाणी जोराने वाहते अशा पन्हळीत, उसापासून दूर असेल तर हरळीचे थर खुशाल लावावेत. दोन उसांच्या रानांमधल्या बांधावर मात्र तिला पाय ठेवू देऊ नये. तिथून ती दोन्हीकडे धावते.

काय लावू नये

गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेला आले आणि आज गावोगाव आहे. ते बांध झाकते असे वाटते, पण हंगाम संपला की मरते, खाली जमीन उघडी पडते आणि पुष्कळांच्या अंगाला त्याची खाज उठते. घाणेरीची दाटी होते, पण ती जनावरांना विषारी आहे आणि तिच्या सावलीत गवत टिकत नाही. बेशरम कालव्याकाठी सहज फुटते म्हणून कुणी बांधाला खोवते. तीही विषारी, आणि पाण्याची वाट तुंबवते. कुसळी गवताची कुसळे जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत शिरतात. शहरातल्या बागांतून पिवळ्या फुलांचा, चकचकीत पानांचा जो वेल हल्ली आणतात, तो ओल मिळाली की आवरत नाही. त्याला पाटाच्या जवळपासही आणू नये.

झाडांबद्दलही दोन शब्द. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला उसाच्या सरीत टाकणे ही चांगली चाल आहे. तूर टोकणेही चांगले. पण नुसती झाडे लावून उतार झाकला असे समजू नये. उंच झाडाच्या पानावर जमून खाली पडणारा थेंब मोठा असतो. खाली जमीन उघडी असेल तर तो मातीवर तसाच आदळतो. तळ्याच्या भरावावर तर मोठी झाडे नकोतच. झाड मेले की कुजलेल्या मुळाची पोकळ नळी राहते आणि तिथूनच भरावाला गळती लागते.

वस्तीवरच्या घरापुढच्या उताराला शोभाही हवी असते. तिथे गवती चहाची रांग, मध्ये सदाफुली, चिनी गुलाब आणि कडेला कोरफड, ही मंडळी कडक उन्हात कमी पाण्यावर टिकतात. गवती चहा तर रोज सकाळी कामाला येतो.

लावणीची रीत

*चैत्र-वैशाखात तयारी.* उतार फार उभा असेल तर आधी तो निजवावा. काळ्या मातीचा बांध जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट तो बाजूला पसरू द्यावा. काळी माती भिजली की फुगते, सुकली की फाटते, आणि उभ्या अंगावर घसरते. ओघळी दगड-मातीने बुजवाव्यात.

मग समपातळीची रेषा काढावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. दोन मीटर लांबीचे दोन बांबू वर बांधून खाली फाकवावेत, मध्ये आडवी काठी बांधावी आणि वरच्या गाठीतून दगडाचा ओळंबा सोडावा. चौकटीचे दोन पाय दोन खुंट्यांवर ठेवून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती सपाटीची. दोरी त्या खुणेवर येईल तसतसे पाय टाकत उताराला आडवे चालत जावे आणि प्रत्येक पायाशी खुंटी ठोकावी. खुंट्यांची ओळ वाकडी दिसेल. तशीच ठेवावी. पाणी सरळ रेघ ओळखत नाही, सपाटी ओळखते.

वाळ्याच्या दोन रांगांमध्ये उंचीचा फरक एक ते दोन मीटर असावा. शंभर मीटरला पाच मीटर उतार असेल आणि एक मीटरचा फरक धरला, तर दोन रांगांमधले अंतर वीस मीटर येते. बांधावरच लावायचा असेल तर वरच्या कडेला एक रांग पुरते. बांध उंच असेल तर पायथ्याला दुसरी.

*मृगात लावणी.* पहिल्या सरीला घाई करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली की लावावे. वाळ्याचा ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत, मुळे चार बोटे ठेवून छाटावीत, पाती वीतभर ठेवून कापावीत. फुटव्यांत अंतर पंधरा सेंटिमीटरच ठेवावे. लोक इथेच कंजूषपणा करतात आणि हातभर अंतर सोडतात. मग त्या फटीतून पाणी जोराने घुसते आणि रांग असून नसल्यासारखी होते. या अंतराने शंभर मीटरला सुमारे ६७० तुकडे लागतात. एकदम एवढे मिळणे कठीण. म्हणून पहिल्या वर्षी पाटाजवळ लहानशी रोपवाटिका करावी आणि पुढच्या वर्षी बांध घ्यावा, हे शहाणपणाचे.

मारवेलाचे ठोंब एक-दीड फुटावर, वरच्या ओळीतल्या दोन ठोंबांच्या मध्यावर खालच्या ओळीतला ठोंब येईल असे लावावेत. म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. मधल्या जागेत मटकी, हुलगा आणि स्टायलो पेरावा. आर्द्रा संपेपर्यंत हे काम उरकावे.

*लावल्यावर पाचट.* ऊस तुटला की हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. कित्येक ठिकाणी ते पेटवले जाते. त्याचा बराचसा भाग खोडव्यात सरीआड ठेवावाच. पण थोडा नव्या उतारासाठी राखून ठेवा. लावलेल्या ठोंबांच्या मध्ये पाचट उताराला आडवे, पातळ पसरावे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवावेत किंवा खुंट्या माराव्यात. पहिल्या पावसाळ्यात पाचट हेच पांघरूण. खत म्हणून चांगली कुजलेली मळी किंवा शेणखत ठोंबाच्या बुडाशी मूठभर पुरे. ताजी मळी टाकू नये, ती तापते.

*तरण्या-म्हाताऱ्या पावसात सांधणी.* पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत पुन्हा एक फेरी मारून मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावावेत. पहिल्या पावसाळ्यात फट भरली तर भरली. नंतर ती ओघळ होते.

निगा : तीन वैऱ्यांपासून राखण

पहिला वैरी पलिता. शिमग्याला, नाहीतर त्यानंतर, बांध पेटवायची सवय सोडली पाहिजे. वाळा किंवा मारवेल जळून पुन्हा फुटेलही, पण वळवाच्या वेळी उतार उघडा पडेल, आणि तोच तर आपला मुद्दा आहे. शिवाय बांधाची आग शेजारच्या उभ्या उसात जायला वारा पुरतो.

दुसरा वैरी तणनाशक. पाठीवर पंप असला की उसाबरोबर बांधही फवारला जातो. आठ दिवसांत बांध पिवळा पडतो आणि माणसाला वाटते, काम झाले. काम झाले ते पाण्याचे. उसात फवारताना बांधाकडच्या दोन सऱ्या हाताने खुरपून घ्याव्यात.

तिसरी मोकाट चराई. पहिले वर्ष जनावर आणि मेंढरू उतारावर चढू देऊ नये. मेंढी कोवळा ठोंब मुळासकट उपटते आणि खुरांनी माती सुटते. दुसऱ्या वर्षापासून कापून घालावे. दसऱ्याच्या सुमारास एक कापणी घेतली की वैरण मिळते आणि उंदरांना आसराही राहत नाही. उंदरांची भीती खरी आहे. गवत रानटी वाढू दिले तर बांधात बिळे होतात. म्हणून मारवेल वीतभर, वाळा गुडघ्याएवढा ठेवून कापत राहावे. त्यापेक्षा खाली जाऊ नये. वैशाखात ठोंब उभा दिसला पाहिजे.

उतार धरला की नाही हे पाहायचा सोपा उपाय आहे. मोठा पाऊस ओसरताच बांधाच्या पायथ्याला वाहणारे पाणी काचेच्या बाटलीत धरा आणि घरात ठेवून द्या. सकाळी तळाला किती गाळ बसला ते पाहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तशाच पावसाला पुन्हा धरा. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की कुणी सांगायची गरज राहत नाही.

बांध एकाचा नसतो

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबापांनी दुष्काळी कामांवर ताली, नालाबांध, पाझर तलाव यांची माती डोक्यावरून वाहिली. पोटासाठी केलेले ते काम होते, पण त्यावर आज आपली शेती उभी आहे. शिवारात फिरून पाहा. ज्या तालीच्या अंगावर गवत धरले ती अजून उभी आहे. जी उघडी राहिली तिला खांड पडली आणि तिची माती खालच्या तळ्यात गेली.

उतारावरून निघालेली माती एका सभासदाच्या रानातून जाते आणि दुसऱ्याच्या पाटात, चरात, विहिरीत जाऊन बसते. खालच्याचा चर तुंबला की त्याचे रान पाणथळ होते. मग भांडण होते ते बांधावरून, आणि दोघांपैकी कुणालाच कळत नाही की दोघांचीही वस्तू चोरून नेणारा तिसराच आहे. त्यातच दर नांगरटीला कुणी वीतभर बांध कोरतो. कोरलेला बांध उभा होतो आणि उभा बांध ढासळतो. गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी हद्दीला वाळा लावला तो यासाठीही. वाळ्याची रांग सरकत नाही. आज जिथे लावली, तिथेच ती नातवाला दिसेल. दोन शेजाऱ्यांनी मिळून, मोजणी मान्य करून, हद्दीवर एक रांग लावली तर माती थांबेल आणि कोर्टाची पायरीही टळेल.

सगळा बांध एका वर्षात होणार नाही, व्हावा असेही नाही. प्रत्येकाने आपल्या रानातला सर्वांत वाईट, दक्षिण किंवा पश्चिम तोंडाचा, ओघळी पडलेला एकच उतार निवडावा. यंदा रोहिणीपूर्वी त्याची सपाटीची रेषा काढावी, पाचट राखून ठेवावे आणि मृगात लावणी करावी. पुढच्या वैशाखात वळीव येईल तेव्हा छत्री घेऊन त्या उताराच्या पायथ्याशी उभे राहावे आणि पाण्याचा रंग पाहावा. पाणी नितळ वाहिले, तर दुसरा बांध घ्यावा.